रॅकून अन्न धूत नाही, चाचपतो

बुढ्ढी के बाल हातात मिळालेला एक रॅकून ते पाण्यात बुडवतो, साखर क्षणात विरघळते आणि तो बिचारा रिकाम्या पाण्यात हात फिरवत राहतो. हा व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मुलं खो-खो हसतात. मग घरातलं कोणीतरी मोठं माणूस संधी साधतं: "बघ, प्राणीसुद्धा धुऊन खातो, आणि तू?" मुलांना हात धुवायला जरूर शिकवा, पण त्यासाठी रॅकूनला साक्षीला उभं करू नका. स्वच्छतेशी त्याचं काही देणंघेणं नाही.

रॅकून मूळचा उत्तर आणि मध्य अमेरिकेतला. बोक्यापेक्षा थोराड, डोळ्यांवर काळा पट्टा, झुपकेदार शेपटीवर काळी कडी. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनीअसने १७५८ साली त्याला अस्वलांत घातलं होतं. आता त्याचं कुळ वेगळं मानतात. आपल्याकडच्या उदमांजराशी काहीजण त्याचं नातं जोडतात, पण उदमांजर मांजरांच्या शाखेतलं आणि रॅकून कुत्र्या-अस्वलांच्या. दिसण्यावरून सोयरीक ठरत नाही.

आता त्या 'धुण्या'कडे येऊ. १९६३ साली लायल-वॉटसन या संशोधकाने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या रॅकूनना तऱ्हेतऱ्हेचं अन्न देऊन पाहिलं. अन्न किती मळलेलं आहे, याचा बुडवण्याशी संबंध दिसेना. मग हे काय चाललंय? जंगलातला रॅकून रात्री ओढ्याच्या काठाने फिरतो, उथळ पाण्यात हात घालून दगडांखालचे खेकड्यासारखे क्रेफिश, बेडूक, गोगलगायी शोधतो. पिंजऱ्यात अन्न आयतं ताटलीत येतं. शोधण्याची ऊर्मी मात्र जात नाही, म्हणून तो मिळालेला घास पाण्यात टाकतो आणि पुन्हा 'शोधून' काढतो.

माझा खरा जीव अडकलाय तो त्या हातांत. शोधताना रॅकून पाण्याकडे बघतसुद्धा नाही. मान वर, नजर कुठेतरी लांब आणि बोटं मात्र भराभर चाललेली. त्याला आपल्यासारखा इतर बोटांसमोर आणता येणारा अंगठा नाही, पण पाच लांब, सुटी बोटं आहेत आणि तळवा केसविरहित आहे. नखांच्या वरच्या बाजूला मिशांसारखे ताठ केस असतात, त्यामुळे बोट टेकायच्या आधीच वस्तूची चाहूल लागते. तळव्याच्या त्वचेत स्पर्श टिपणारी चेतातंतूंची टोकं दाटीवाटीने बसलेली आहेत. त्यांतली काही दाब असेपर्यंत सतत संदेश पाठवत राहतात, काही फक्त दाब बदलला की. पहिल्या प्रकारातून वस्तूचा आकार कळतो, दुसऱ्यातून ती वळवळतेय का, हे. पाणी लागलं की तळव्याची जाड त्वचा मऊ पडते, आणि ओल्या त्वचेतले हे तंतू दाबाला जास्त जोरात प्रतिसाद देतात, असं १९८०च्या दशकात प्रत्यक्ष चेतातंतूंवर मोजून दाखवलं गेलं.

पुढचा प्रवास जरा किचकट आहे, पण सोडवत नाही. हे संदेश मज्जारज्जूतून मेंदूच्या देठातल्या क्युनिएट केंद्रक नावाच्या चेतापेशींच्या पुंजक्यात, तिथून थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या टप्प्यावर आणि शेवटी मेंदूच्या पृष्ठभागावरच्या स्पर्शक्षेत्रात जातात. या क्षेत्रात शरीराचा एक नकाशा असतो, आणि त्यात जागा अवयवाच्या मापाने मिळत नाही, वापराने मिळते. उंदराच्या नकाशात मिशा पसरलेल्या, माणसाच्या नकाशात ओठ आणि बोटं. १९५९ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या वॉली वेल्कर आणि सहकाऱ्याने रॅकूनचा नकाशा काढला, तेव्हा पंजाने अवाढव्य जागा बळकावलेली दिसली. प्रत्येक बोटाला मेंदूची जणू स्वतंत्र वळी! मुलांना हे समजवायचं तर बादलीत हरभरा, गुंडी, चिंचोका टाका आणि त्यांना डोळे मिटून ओळखायला लावा. फार तर पाच मिनिटांत त्यांना रॅकूनपण कळेल.

प्राण्यांवर गुणदोष चिकटवायची आपल्याला खोडच आहे. मुंगूस दिसलं की शुभ, घुबड दिसलं की अशुभ, आणि रॅकून म्हणे स्वच्छ! त्याच रॅकूनला दुसऱ्या गोष्टीत बुरखाधारी चोर करतात. डोळ्यांवरचा तो काळा पट्टा बहुधा डोळ्यांत जाणारी चकाकी कमी करत असावा, असा एक तर्क आहे.

बाकी त्याचं जगणं साधं आहे. दिवसा झाडाच्या ढोलीत झोप. वसंतात मादीला तीन-चार पिल्लं होतात, ती एकटीच त्यांना वाढवते. पिल्लांचे डोळे उघडायला सुमारे तीन आठवडे लागतात. मागचे पाय उलटे वळवून तो झाडावरून डोकं खाली करून उतरतो. शरद ऋतूत चरबी साठवायची आणि कडाक्याच्या थंडीत दिवसचे दिवस पडून राहायचं, पण ही खरी शीतनिद्रा नव्हे. शहरात ढोलीच्या जागी पोटमाळा किंवा धुराडं येतं, क्रेफिशच्या जागी कचरापेटी. त्यांना रोखायला टोरांटोने २०१६ पासून खास कुलपाच्या कचरापेट्या वाटल्या. जर्मनीत १९३४ साली एडरझे तलावापाशी दोन जोड्या सोडल्या, आता देशभर त्यांचा सुळसुळाट आहे. जपानमध्ये एका कार्टूनमुळे लोकांनी पिल्लं हौसेने आणून पाळली, आणि मोठी होऊन चावू लागल्यावर जंगलात सोडून दिली.

न्यू जर्सीत किंवा टोरांटोत नातवंडांकडे गेलेल्या आजी-आजोबांसाठी एक सूचना. मागच्या अंगणात रॅकून आला तर मुलांना काचेआडून दाखवा, पोळीचा तुकडा टाकू नका. त्याला रेबीज असू शकतो. शिवाय तो ठरावीक जागीच विष्ठा करतो. तिच्यात गोलकृमीची अंडी असू शकतात, ती मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या तोंडात गेली, तर त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोचू शकतात.