धावण्याचे बूट

धावण्याचे बूट : धावताना पावलाचे रक्षण व्हावे, जमिनीवर पकड मिळावी व पाऊल टेकताना बसणारा धक्का सौम्य व्हावा, यासाठी बनविलेले हलके पादत्राण. चालताना एक तरी पाय जमिनीवर असतो. धावताना मात्र प्रत्येक पावलागणिक दोन्ही पाय क्षणभर अधांतरी असतात व खाली येणाऱ्या एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार पडतो. कोणत्या जमिनीवर, किती अंतर आणि कोणाच्या पायासाठी, या तीन प्रश्नांवर बुटाची निवड ठरते असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. पहिल्या दोहोंविषयी तज्ज्ञांत बऱ्यापैकी एकमत आहे. तिसऱ्याविषयीचा वाद अनेक दशके चालू आहे.

उगम : प्राचीन ग्रीक शर्यतींत धावपटू अनवाणी धावत. आधुनिक बुटाचा उगम शोधताना दोन धागे वेगळे ठेवावे लागतात : रबरी तळाचा कापडी बूट आणि तळाला खिळे ठोकलेला चामडी बूट. यांपैकी पहिला इंग्लंडमधील लिव्हरपूल रबर कंपनीने १८३० च्या दशकात समुद्रकिनाऱ्यावर वापरण्यासाठी काढला, असे बऱ्याच ठिकाणी नमूद केलेले आढळते. हे दशक जपूनच स्वीकारावे लागते. रबरावर गंधकाची प्रक्रिया करून ते टिकाऊ करण्याच्या पद्धतीची, म्हणजे वल्कनीकरणाची, पेटंटे इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक व अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८४४ च्या सुमारास मिळाली. त्याआधीचे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत ठिसूळ होई; तसल्या तळाचा जोडा वाळूत फिरायला चालला असेल, पळायला क्वचितच. म्हणून धावण्याजोग्या रबरी तळाचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा धरणे अधिक सयुक्तिक ठरते. या जोड्याचे ‘प्लिम्सॉल’ हे नाव तर १८७० च्या दशकातले आहे. कापड व तळ जिथे जुळतात तिथली रबरी पट्टी जहाजाच्या कुशीवरील भाररेषेसारखी, म्हणजे माल भरल्यावर जहाज कुठवर बुडू द्यावे हे दाखवणाऱ्या रेषेसारखी दिसते, आणि ती रेषा सॅम्युअल प्लिम्सॉल या ब्रिटिश संसद सदस्याच्या खटपटीमुळे १८७६ च्या कायद्यात आली. पट्टीच्या वर पाणी चढले की पाय भिजतो, म्हणून हे नाव, असाही खुलासा केला जातो. तो मागाहून जुळविलेला असावा.

खिळ्यांच्या बुटाचे श्रेय पुष्कळदा इंग्लंडमधील बोल्टनच्या जोसेफ विल्यम फॉस्टर या चर्मकाराला दिले जाते (१८९५ च्या सुमारास). त्याच्याच नातवांनी १९५८ मध्ये रीबॉक ही कंपनी काढल्यामुळे ही कथा दूरवर पोहोचली. मात्र नॉर्दॅम्प्टनच्या संग्रहालयात १८६० च्या दशकातील मानला जाणारा खिळ्यांचा धावण्याचा बूट जतन केलेला आहे, आणि क्रिकेटच्या बुटांना खिळे त्याहीपूर्वी ठोकले जात. तेव्हा फॉस्टरने तो शोधून काढला असे म्हणण्यापेक्षा, हाताने शिवून, वजन घटवून तो शर्यतीच्या धावपटूंपर्यंत पोहोचवला असे म्हणणे योग्य. जर्मनीत डासलर बंधूंनी हीच वाट पुढे नेली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकी धावपटू जेसी ओवेन्सने त्यांचे बूट वापरले. पुढे भावाभावांत बेबनाव होऊन पूमा (१९४८) व आदिदास (१९४९) या दोन कंपन्या झाल्या.

लांब पल्ल्याचा बूट बराच काळ मागासलेला राहिला. १९५१ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणाऱ्या शिगेकी तानाका याच्या पायांत अंगठा व इतर बोटे वेगळी ठेवणारे जपानी ‘ताबी’ पद्धतीचे बूट होते. अबेबे बिकिला याने १९६० ची रोम ऑलिंपिक मॅरेथॉन अनवाणी जिंकली. तिथे मिळालेले बूट पायाला नीट बसले नाहीत म्हणून त्याने ते काढून ठेवले, असे सांगतात. चार वर्षांनी टोकियोत त्याने बूट घालून पुन्हा सुवर्णपदक मिळवले. त्यामुळे अनवाणी धावण्याच्या पुरस्कर्त्यांनी रोमचा दाखला देताना टोकियोही सांगायला हवा.

रचना : बुटाचे तीन मुख्य भाग असतात : पाऊल धरून ठेवणारे वरचे आवरण, जमिनीला लागणारा रबरी तळ आणि या दोहोंमधला फोमचा थर. गेल्या पन्नास वर्षांतील बहुतेक बदल या मधल्या थरात झाले आहेत. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून इथिलीन व्हिनिल अ‍ॅसिटेट (ईव्हीए) या प्लॅस्टिकचा फोम रूढ झाला. त्यात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. दाब आला की ते चेपतात, सुटला की फुगतात. हा फोम हलका व स्वस्त असतो, पण थंडीत कडक होतो आणि वापराने बसतो. २०१३ पासून पॉलियुरेथेनच्या फुगवलेल्या दाण्यांचा, तर २०१७ पासून पॉलिइथर ब्लॉक अमाइड (पेबा) या द्रव्याचा फोम वापरात आला.

फोमचे मोल केवळ मऊपणावर ठरत नाही. चेपताना त्याने घेतलेल्या ऊर्जेपैकी किती परत मिळते, हेही पाहावे लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हूगकामर व सहकाऱ्यांच्या चाचणीत पेबा फोमच्या नमुना-बुटाने सुमारे ८७ टक्के ऊर्जा परत दिली; तुलनेतल्या दोन शर्यती बुटांचे आकडे सुमारे ७६ व ६६ टक्के होते. तो घालून अठरा धावपटूंचा ऊर्जाव्यय सरासरी ४ टक्क्यांनी कमी भरला. बुटातील कार्बन धाग्यांच्या वक्र पट्टीलाच हे श्रेय देण्याची रीत वृत्तपत्रांनी पाडली. पुढे त्याच प्रकारच्या बुटातील पट्टी आडवी कापून, तिचा ताठरपणा घालवून मोजणी झाली, तेव्हा ऊर्जाव्ययात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून फायद्याचा मोठा वाटा फोमचा व बुटाच्या हलकेपणाचा आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. बुटाचे वजन दर पायी १०० ग्रॅमने वाढले तर ऊर्जाव्यय सुमारे एक टक्का वाढतो, हे निरीक्षण त्याहून जुने आहे व अनेकदा पडताळले गेले आहे.

टाचेखालील व चवड्याखालील जाडीतल्या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. रूढ बुटांत तो १० ते १२ मिलिमीटर, काहींत शून्य असतो. कमी ड्रॉपमध्ये पोटरी व घोट्यामागील कंडरेवर, जास्त ड्रॉपमध्ये तुलनेने गुडघ्यावर भार वाढतो. एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना काही आठवडे आलटूनपालटून दोन्ही वापरावेत असे सांगतात, ते याच कारणाने.

पृष्ठभाग : कठीण जमिनीला मऊ बूट, मऊ जमिनीला कठीण बूट, असा ढोबळ नियम सांगितला जातो. तो अर्धाच खरा आहे. १९९८ मध्ये फेरिस, लूई व फार्ली यांनी दाखवले, की पृष्ठभाग मऊ झाला की धावणाऱ्याचा पाय ताठ होतो आणि कठीण झाला की अधिक दुमडतो. शरीराच्या गुरुत्वमध्याची वरखाली हालचाल त्यामुळे जवळपास तशीच राहते. पाय स्वतःच स्प्रिंगसारखा जुळवून घेतो. डांबरी रस्ता बरा, काँक्रीट वाईट, या समजुतीलाही यामुळे फारसा आधार उरत नाही. बुटातील फोमच्या तुलनेत दोन्ही जवळजवळ सारखेच कठीण. प्रत्यक्षात पृष्ठभाग बुटाचा मऊपणा ठरवत नाही. तो बुटाची पकड ठरवतो.

डांबर व काँक्रीटवर रबर आपल्या घर्षणानेच पकड घेते, म्हणून रस्त्याच्या बुटाचा तळ जवळजवळ सपाट, उथळ खाचांचा असतो. पायवाटेच्या बुटाला मात्र उंचवटे, ज्यांना ‘लग’ म्हणतात, लागतात. तुडवलेल्या कोरड्या वाटेला ३ ते ५ मिलिमीटरचे लग पुरतात; चिखल व ओल्या गवतासाठी ६ ते ८ मिलिमीटरचे असतात. बूट उलटा धरून पाहिल्यास त्यांची मांडणी ध्यानात येते. बऱ्याच बुटांत चवड्याकडील लगांची तोंडे पुढे असतात, चढताना माती मागे रेटायला. टाचेकडील उलट, उतरताना अडवायला. दोन लगांमधले अंतरही महत्त्वाचे. दाट लगांत चिखल अडकून राहतो व वीस-पंचवीस पावलांत तळ गुळगुळीत ढेकूळ होऊन बसतो. विरळ लगांतून तो पाय वाकताच सुटून पडतो. ओल्या खडकावर मात्र लगची उंची काहीच कामाची नाही. तिथे रबराचा मऊपणा व टेकणारे क्षेत्रफळ पकड देतात, आणि खोल लगांचा बूट लगांच्या टोकांवर उभा राहून घसरतो. खडकाळ वाटांच्या काही बुटांत टोकदार दगड टोचू नये म्हणून तळाच्या वर पातळ कडक पत्रा असतो. रबरी लगांची कल्पना गिर्यारोहणातून आली. १९३५ च्या आल्प्समधील दुर्घटनेत सहकारी गमावलेल्या इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी याने दोन वर्षांनी असा तळ बाजारात आणला; व्हिब्रम हे नाव त्याच्याच नावाच्या अक्षरांवरून पडले. चिखलाच्या वाटेचे बूट डांबरावर वापरले तर लग लवकर झिजतात आणि पायाखाली गुठळ्या टोचल्यासारखे वाटते.

कृत्रिम धावपट्टीवर खिळ्यांचे बूट वापरतात. पट्टी रबर व पॉलियुरेथेनची असल्याने जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेच्या नियमांनुसार खिळ्यांची लांबी ९ मिलिमीटरपर्यंत (उंच उडी व भालाफेकीस १२) व संख्या एका बुटाला ११ पर्यंत चालते. कित्येक मैदाने पट्टी जपण्यासाठी याहून आखूड खिळ्यांचा आग्रह धरतात. खिळ्यांच्या संख्येबाबत १९६८ ची एक हकीकत आहे. त्या वर्षी पूमाने ६८ बारीक खिळ्यांचा, ब्रशसारखा दिसणारा बूट आणला व तो मेक्सिको ऑलिंपिकपूर्वीच नियमबाह्य ठरला. हिरवळीवर कोरड्या दिवसांत रस्त्याचे बूट चालतात. मऊ वाळूत धावण्यास कठीण जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते. कोणताही बूट यातून सुटका करत नाही. ट्रेडमिलसाठी वेगळा बूट लागत नाही.

अंतर : १०० ते ४०० मीटरच्या बुटात टाचेखाली फारसे काही नसते, कारण टाच जमिनीला क्वचितच लागते, चवड्याखाली ताठ पट्टी व खिळे असतात. ८०० मीटरपासून पुढे टाचेखाली थोडा फोम येतो. रस्त्यावरच्या ५ व १० किलोमीटरला हलका बूट फायद्याचा. अर्धमॅरेथॉन व मॅरेथॉनमध्ये स्नायू थकल्यावर जाड, ऊर्जा परत देणाऱ्या फोमचा उपयोग जाणवतो. अल्ट्रा म्हणजे ४२.१९५ किलोमीटरहून लांब शर्यतींत मापाला सर्वाधिक महत्त्व येते, कारण तासन्‌तास धावून पाऊल सुजते.

स्पर्धेच्या बुटांवर २०२० पासून जाडीची मर्यादा आहे : रस्त्यावर ४० मिलिमीटर, धावपट्टीवर ती आधी अंतरानुसार २० किंवा २५ मिलिमीटर होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून सर्व शर्यतींना २० मिलिमीटर आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये पहिला आलेला धावपटू याच कारणाने बाद झाला. त्याच्या बुटाचा तळ ५० मिलिमीटरचा निघाला. हौशी धावपटूला या मर्यादेशी कर्तव्य नाही, पण सरावात एवढ्या जाड व मऊ तळावर घोटा डळमळतो हे ध्यानात ठेवलेले बरे.

पावलाचा प्रकार : ओल्या पावलाचा ठसा पाहून ते सपाट, मध्यम की उंच कमानीचे हे ठरवायचे आणि त्यानुसार अनुक्रमे पाऊल आत कलणे रोखणारा, आधार देणारा वा मऊ बूट घ्यायचा, ही पद्धत १९८० च्या दशकापासून रूढ आहे. अमेरिकी भूदल, हवाई दल व मरीन कोर यांच्या भरती-प्रशिक्षणात नॅपिक व सहकाऱ्यांनी ती पारखून पाहिली. ठशानुसार बूट दिलेल्यांत व सर्वांना एकच बूट दिलेल्यांत दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच राहिले. बारा चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन समीक्षेतही (वैद्यकीय चाचण्यांच्या पद्धतशीर एकत्रित आढाव्यातही) प्रकारानुसार बूट दिल्याने दुखापत घटते याला भक्कम पुरावा आढळला नाही. उलट बाजूनेही काही नोंदी आहेत. लक्झेंबर्ग येथील मालिसू व सहकाऱ्यांना आत कलणाऱ्या पावलांत आधाराच्या बुटांचा लाभ दिसला, आणि २०२० मधील त्यांच्या ८४८ धावपटूंच्या चाचणीत कडक बुटांत दुखापतीचा धोका सुमारे दीडपट आढळला. सरसकट ठसा पाहण्यापेक्षा संशोधक बेनो निग यांनी २०१५ मध्ये मांडलेला ‘सोयीचा निकष’ आज अधिक स्वीकारार्ह ठरतो : जो बूट घालून धावताना पायाला सहज वाटतो, तो सहसा योग्य. अर्थात दुकानात चार पावले चालून हे कळत नाही. पळूनच पाहावे लागते.

माप व झीज : माप संध्याकाळी किंवा धावून आल्यावर, धावण्याचेच मोजे घालून व उभे राहून घ्यावे. दोन पावलांत फरक असल्यास मोठे पाऊल प्रमाण. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी. उताराच्या वाटांना ही जागा कमी पडली तर नखे काळी पडतात. टाच मात्र वर सरकता कामा नये.

एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकते असे उत्पादक सांगतात. शर्यतीचे हलके बूट त्याहून लवकर उतरतात. तळाच्या बाहेरच्या कडेची टाच झिजणे बहुतेकांत स्वाभाविक असते, त्यावरून चाल बिघडली असे समजू नये. खरी झीज मधल्या थरात होते. बूट टेबलावर ठेवून मागून पाहिल्यास एका बाजूला झुकलेला दिसणे, फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडणे व अंगठ्याने दाबल्यास तो पूर्वीसारखा न दबणे, या खुणा तळाचे रबर शाबूत असतानाही आढळतात. दोन वेगळ्या जोड्या आलटूनपालटून वापरणाऱ्यांत दुखापतींचा धोका ३९ टक्के कमी आढळल्याचे मालिसू गटाच्या २६४ धावपटूंवरील २२ आठवड्यांच्या पाहणीत नोंदले आहे. ओले झालेले बूट उन्हात किंवा हीटरजवळ न ठेवता आत कागद कोंबून सावलीत वाळवतात. उष्णतेने फोम व डिंक दोन्ही सैल पडतात.