शवपेटीवरचं ‘जेबी ५५’

१९९० सालचा नोव्हेंबर. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ग्रिस्वोल्ड नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या वाळू-खडीच्या खाणीत काही पोरं उतारावरून घसरगुंडी खेळत होती. त्यांच्या मागोमाग दोन कवट्या गडगडत खाली आल्या. पोलिसांना आधी खुनाचा संशय आला, पण हाडं फार जुनी होती. मग राज्याचे पुरातत्त्वज्ञ निकोलस बेलन्टोनी यांना बोलावणं गेलं.

जुनी कागदपत्रं चाळल्यावर उलगडा झाला. वॉल्टन नावाच्या शेतकरी कुटुंबाने १७५७ मध्ये हा तुकडा आपल्या माणसांना पुरण्यासाठी घेतला होता. हे या भागात सुरुवातीला येऊन वसलेल्या कुटुंबांपैकी एक. चर्चचं आवार लांब असेल तर शेताच्या कडेलाच घरची दफनभूमी करायची, अशी तिथे रीत होती. पुढे वॉल्टन मंडळी नव्या जमिनीच्या शोधात पश्चिमेला ओहायोकडे निघून गेली. दुसऱ्या घरच्यांनी काही काळ तिथेच आपली माणसं पुरली आणि मग तिकडे फिरकणारंच कोणी उरलं नाही. खुणेला रानातले ओबडधोबड दगड, त्यांवर नाव नाही, साल नाही. घरचं माणूस गेलं की अशा दगडाचा नुसता दगड होतो.

जागा मात्र विचारपूर्वक निवडलेली होती. हा उंचवटा हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांचा. नांगरटीला कुचकामी, पण खड्डा खणायला सोपा आणि पाणी झटकन निचरणारा. पुढे खाणवाल्यांनाही नेमकी तीच वाळू हवी होती.

अशा जागी कबर शोधायची ती मातीच्या रंगावरून. खड्डा खणताना वरची काळपट माती आणि खालची पिवळसर वाळू एकमेकांत मिसळतात. खड्डा बुजवला तरी ते थर पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. म्हणून वरचा थर हलक्या हाताने खरवडला की माणसाच्या लांबीचे गडद चौकोन उमटू लागतात. ग्रिस्वोल्डमध्ये असे २९ जण सापडले : ८ बायका, ६ पुरुष आणि १५ मुलं. निम्म्याहून जास्त मुलं! त्या काळातल्या घराघरांतलं दुःख या एका आकड्यात दिसतं.

त्यातली एक कबर वेगळी होती. चारी बाजूंनी दगड रचलेले, आत लाकडी शवपेटी आणि तिच्या झाकणावर पितळी खिळे ठोकून काढलेली अक्षरं : जेबी ५५. म्हणजे नावाची आद्याक्षरं आणि वय. झाकण बाजूला केल्यावर खणणारे थबकले. कवटी धडापासून काढून छातीवर ठेवलेली आणि तिच्याखाली मांड्यांची दोन हाडं फुलीसारखी आडवीतिडवी. बरगड्या मोडून छाती उघडलेली. ताज्या देहाचे सांधे असे सहजी सुटत नाहीत. तेव्हा हा खटाटोप मांस गळून गेल्यावरचा, दफनानंतर साधारण पाच वर्षांनी केलेला असावा, असा संशोधकांचा अंदाज.

मेलेल्या माणसाशी कोणी असं का वागेल? याचं उत्तर बरगड्यांवर होतं. हाडांचे अभ्यासक पॉल स्लेडझिक यांना डाव्या बाजूच्या वरच्या बरगड्यांवर बारीक खडबडीत खुणा दिसल्या. फुफ्फुसाचा रोग वर्षानुवर्षं धुमसत राहिला की फुफ्फुसावरचं आवरण सुजतं आणि त्याला चिकटून असलेलं हाडही त्या दाहाला प्रतिसाद देतं. अशा खुणा दुसऱ्या जुनाट रोगातही उमटू शकतात, पण इथे सगळ्यात जास्त संशय क्षयाचाच. इंग्रजीत तेव्हा या रोगाला जे नाव होतं, त्याचाही अर्थ माणूस आतून खाल्ला जाणं, झिजत जाणं असाच होता. आपल्या ‘क्षय’ शब्दात हेच तर आहे. दोन टोकांच्या भाषांनी एकच गोष्ट डोळ्यांनी पाहून नाव ठेवलं.

क्षयाचे जंतू अतिशय सावकाश वाढतात. एका खोलीत झोपणाऱ्या, दारं-खिडक्या लावून हिवाळा काढणाऱ्या घरात एकाचा संसर्ग दुसऱ्याला होतो, पण आजार महिन्यांनी, कधी वर्षांनी उठतो. घरच्यांना दिसायचं ते एवढंच : थोरला गेला, वर्षभराने बहीण खंगू लागली, मग धाकटा. गेलेलाच मागे राहिलेल्यांचं रक्त शोषतोय, ही समजूत त्यातून आली. मग कबर उकरायची, काळीज ताजं वाटलं तर जाळायचं. काळीज उरलंच नसेल, तर हाडं अशी मांडायची की मेलेला उठू नये. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत घोट्याखाली पाय तोडलेले सापडले आहेत. तेही मेलेल्याने चालत परत येऊ नये म्हणूनच असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं.

याला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळं व्हायला माझं मन धजत नाही. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तो १८८२ मध्ये. त्यानंतर दहा वर्षांनीही शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्सिटर गावी मर्सी ब्राउन या मुलीचा देह बाहेर काढला गेला. तिच्या काळजाची राख तिच्या आजारी भावाला, एडविनला पाजली. दोनेक महिन्यांत तोही गेला. राख कालवणारे हात त्याला वाचवायलाच धडपडत होते.

जेबी कोण, हे मात्र जवळजवळ तीस वर्षं कळलं नाही. मग त्याच्या हाडातून डीएनए काढला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं आणि तिथे आडनावही त्याच वाटेने जातं. म्हणून त्याच्या वाय गुणसूत्राचा नमुना वंशावळींच्या माहितीसाठ्याशी ताडून पाहिला. जुळणारं आडनाव निघालं : बार्बर. २०१९ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला. २०२२ मध्ये डीएनएवरून त्याचा चेहराही रेखाटला गेला : गोरा वर्ण, तपकिरी किंवा काळे केस, थोडे वांग. हाडांवरून आणखी दिसतं की त्याचं गळ्याखालचं हाड एकदा मोडून वाकडंच जुळलं होतं आणि गुडघा संधिवाताने दुखत असणार. म्हणजे हा लंगडत, खांद्याची कळ सोसत शेतात राबणारा माणूस.

आडनाव हाती आल्यावर जुनी वर्तमानपत्रं पुन्हा उघडली गेली. १८२६ सालच्या एका निधनवार्तेत बारा वर्षांच्या नेथन बार्बरचं नाव होतं. वडिलांचं नाव जॉन बार्बर. उत्खननात जेबीच्या कबरीजवळच आणखी एक शवपेटी निघाली होती. तिच्यावरही तसेच पितळी खिळे ठोकलेले होते आणि त्यांतून वाचता येत होतं : एनबी १३.