लेकींच्या लेकी आणि एक हरवलेला राजा

इंग्लंडमधल्या सरदार घराण्यांच्या वंशावळी आणि त्यांच्या ढालींवरची चिन्हं सांभाळणारी ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ ही संस्था आजही लंडनमध्ये सुरू आहे. तिची पहिली सनद मार्च १४८४ ची. ती देणारा राजा तिसरा रिचर्ड. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट १४८५ रोजी, बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी. लेस्टर शहरातल्या ग्रेफ्रायर्स मठात त्याला पुरलं. पुढे मठ पाडला गेला आणि काळाच्या ओघात तिथे गाड्या उभ्या करायचा तळ झाला. ऑगस्ट २०१२ मध्ये त्या तळावर खोदकाम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली.

पाठीचा कणा एका बाजूला वळलेला, कवटीवर शस्त्रांचे घाव. राजाच असावा असं वाटायला एवढं पुरेसं होतं, सिद्ध व्हायला नव्हतं. शिवाय कार्बन-१४ च्या पहिल्या चाचण्यांनी तर हाडांचं वय १४६० च्या आधीचं दाखवलं! उत्तर मिळालं ते या माणसाच्या ताटात. तो भरपूर मासे खात होता, हे हाडांतल्या कार्बन आणि नायट्रोजनच्या प्रमाणावरून कळत होतं. समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्या कार्बनपेक्षा ‘जुना’ असतो, त्यामुळे मासे खाणाऱ्याची हाडंही आहेत त्याहून जुनी भासतात. तेवढी दुरुस्ती केल्यावर काळ आला १४५६ ते १५३०. आता हवे होते नातेवाईक.

रिचर्डचा एकुलता एक औरस मुलगा बापाच्या आधीच, १४८४ मध्ये वारला होता. त्यामुळे शोध भावंडांच्या आणि चुलत्यांच्या शाखांतून घ्यावा लागणार होता. पण नातं दूर गेलं की बहुतेक डीएनए दर पिढीला निम्मा होत जातो आणि पंधरा-वीस पिढ्यांनी त्यातून काही ठरवता येत नाही. याला अपवाद दोन. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. आणि पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा, म्हणजे शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना तंतुकणिका म्हणायचो त्यांचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे जातो तो फक्त लेकींकडून. तो अवघा १६,५६९ अक्षरांचा असतो आणि एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या दातांत आणि हाडांतही तो टिकून राहण्याची शक्यता जास्त.

कोणाचा डीएनए तपासायचा, हे मात्र प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ते कागदच सांगतात. इंग्लंडमधली चर्चची जन्म-लग्न-मृत्यूची नोंदवही सुरू झाली १५३८ मध्ये. त्याआधीचा मोठा आधार म्हणजे जमिनीचे कागद. राजाकडून थेट जमीन मिळालेला माणूस मेला की सरकारी अधिकारी गावातले पंच बसवून शपथेवर विचारायचा, की जमीन किती, वारस कोण, त्याचं वय काय. वारस वयात आला का हे ठरवायलाही साक्षी व्हायच्या. ‘हा जन्मला त्या वर्षी माझा पाय मोडला’, ‘त्याच आठवड्यात मला मुलगी झाली’ अशा धर्तीच्या. मला हे कागद फार जिवंत वाटतात, पण त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही, कारण तीच वाक्यं वेगवेगळ्या माणसांच्या साक्षींत पुन्हा पुन्हा भेटतात.

हा सगळा खटाटोप जमिनीसाठी आणि पदवीसाठी, म्हणून पुरुषांची साखळी ठळक उमटते. लेकीच्या लेकीची साखळी लावणं कठीण. दर पिढीला सासर बदलतं, आडनाव बदलतं आणि शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो. लग्नाचे करार, मृत्युपत्रं, थडग्यांवरचे लेख असं करत एकेक कडी जोडायची.

रिचर्डची थोरली बहीण ॲन. पहिलं लग्न मोडल्यावर तिनं थॉमस सेंट लेजर या सरदाराशी लग्न केलं, आणि १४७६ मध्ये मुलीला जन्म देऊन ती वारली. मुलीचं नावही ॲनच. १४८३ मध्ये थॉमस बंडात सामील झाला तेव्हा रिचर्डनं या मेव्हण्याचं डोकं उडवलं. बाप गेला, मुलगी वाचली. पुढे तिचं मॅनर्स घराण्यात लग्न झालं, आणि तिच्या लेकी, लेकींच्या लेकी अशी साखळी विसाव्या शतकापर्यंत येऊन पोचली. तिच्या दोन वेगळ्या शाखांतली दोन माणसं सापडली. त्यातला एक मूळचा कॅनडाचा, लंडनमध्ये लाकडी फर्निचर घडवणारा कारागीर. त्याचा आणि सांगाड्याचा मायटोकाँड्रियाचा डीएनए सगळाच्या सगळा जुळला. दुसरी व्यक्ती आणखी दूरच्या नात्यातली, तिच्यात फक्त एका अक्षराचा फरक निघाला, आणि इतक्या पिढ्यांत एखादं अक्षर बदलणं अपेक्षितच असतं. शिवाय डीएनएचा हा प्रकार युरोपात अतिशय दुर्मीळ आहे.

बापांची साखळी मात्र तुटली. रिचर्डचा खापरपणजा म्हणजे राजा तिसरा एडवर्ड. त्याच एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट, त्याच्यापासून सॉमरसेट घराणं, आणि त्यातला १८ व्या शतकातला ब्यूफोर्टचा पाचवा ड्यूक. या ड्यूकचे पुरुष-परंपरेतले पाच वंशज तपासले. एकाचंही वाय गुणसूत्र रिचर्डशी जुळलं नाही. चौघांचं आपापसात जुळलं, पाचवा त्यांच्याहूनही वेगळा. म्हणजे कागदावरचा बाप आणि खरा बाप किमान दोन ठिकाणी वेगळे होते, एकदा अलीकडे आणि एकदा बरंच मागे.

रिचर्ड ते पाचवा ड्यूक या वाटेवर १९ कड्या आहेत. चार रिचर्डच्या बाजूला, पंधरा सॉमरसेटांच्या. गाँट हा घेंट शहरातल्या खाटकाचा मुलगा, अशी कुजबुज त्याच्या हयातीतच उठली होती. पण नेमकी कोणती कडी खोटी, हे या चाचणीतून कळत नाही, आणि त्यावरून कोणा राजाचा हक्क खोटा ठरवणं मला मुळीच पटत नाही. कड्या इतक्या असल्या की असं काही निघण्याची शक्यता सुमारे १६ टक्के धरावीच लागते, असं संशोधकांचंच गणित आहे. हा न जुळणारा पुरावा हिशेबात धरूनही सांगाडा रिचर्डचाच असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के निघाली. डिसेंबर २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि मार्च २०१५ मध्ये राजाला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरलं.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती ॲनच्या मागे जाणारी वाट. ॲनची आणि रिचर्डची आई सेसिली नेव्हिल, तिची आई जोन ब्यूफोर्ट, आणि जोनची आई कॅथरीन स्विनफर्ड. गाँटच्या मुलींना सांभाळायला ठेवलेली ही बाई पुढे त्याची प्रेयसी झाली आणि बऱ्याच वर्षांनी, १३९६ मध्ये, त्याची बायको. लग्नाआधीच्या त्यांच्या मुलांना नंतर औरस मानलं गेलं, पण १४०७ मध्ये राजा चौथ्या हेन्रीनं त्यांना गादीवर हक्क नाही असं लिहून टाकलं. सांगाड्याच्या दातांत सापडला तो डीएनए याच कॅथरीनचा. लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये ती आणि जोन शेजारी शेजारी पुरलेल्या आहेत.