हँडल धरायचं की ढकलायचं?

मोटरसायकल चालवून मनगटं, खांदे किंवा पाठ दुखायला लागली, की ठरलेला सल्ला मिळतो: हँडल वर घे, थोडं मागे ओढ. त्यासाठी रायझर, म्हणजे हँडल उंच करणारे ठोकळे, मिळतात, वेगवेगळ्या वळणांची हँडलं मिळतात, आणि ‘हे लावा, दिवसभर चालवा’ अशा जाहिरातीही असतात. सल्ला दर वेळी चुकतोच असं नाही. पण त्याआधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: हँडल असतं कशासाठी? बहुतेकांचं उत्तर ‘धरायला आणि वळवायला’ असं असतं. यातलं धरणं जवळजवळ अनावश्यक आहे, आणि वळवणं आपल्याला वाटतं त्याच्या बरोबर उलट घडतं.

वळवण्याचं आधी सांगतो, कारण मला त्याचं कौतुक आवरत नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जाताना डावी मूठ तळहाताने अगदी हलकेच पुढे ढकला. पुढचं चाक क्षणभर किंचित उजवीकडे वळतं. गाडी मात्र डावीकडे झुकते आणि डावीकडेच जाते. याला काउंटरस्टिअरिंग म्हणतात. अगदी सावकाश, चालण्याच्या वेगाने जाताना आपण हँडल फिरवून गाडी वळवतो. वेग थोडा वाढला की सगळे जण नकळत हेच करत असतात. विचाराल तर शपथेवर सांगतील, आम्ही फक्त अंग झुकवतो.

स्कॉटिश अभियंता विल्यम रँकिन यांनी १८६९ मध्येच त्या काळच्या दुचाक्यांबद्दल हे लिहून ठेवलं होतं. विमानाआधी सायकलींचा धंदा करणारे विल्बर राइट यांच्याही ते लक्षात आलं होतं, आणि सायकलस्वारांना स्वतःला ते सांगता येत नाही हेही. हे अज्ञान प्रसंगी महागात पडतं. हॅरी हर्ट या अपघात-संशोधकाच्या गटाने लॉस एंजेलिस भागातले मोटरसायकलींचे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालात नोंद आहे, की काउंटरस्टिअरिंग करून गाडी झटकन बाजूला काढण्याचं कौशल्य या चालकांमध्ये जवळजवळ दिसलंच नाही.

आता यामागचं गणित. वळणावर दुचाकी झुकलेली असावीच लागते, नाहीतर ती बाहेरच्या बाजूला उलथेल. किती झुकायचं ते वेग आणि वळणाची त्रिज्या यांवरून ठरतं: वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार, ही झाली झुकण्याच्या कोनाची टॅन्जंट. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. ५० मीटर त्रिज्येच्या वळणाला उत्तर येतं सुमारे ०.५७, म्हणजे जवळपास ३० अंश. दीडशे किलोची गाडी आणि सत्तर किलोचा माणूस, हे सगळं एक-दोन सेकंदांत ३० अंश कलवणार कोण?

अंग टाकून ते होत नाही. तुम्ही डावीकडे कललात की न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे गाडी थोडी उजवीकडे लोटली जाते, आणि दोघांचा मिळून गुरुत्वमध्य होता तिथेच राहतो. बाहेरून बल मिळण्याची जागा एकच, टायर जिथे रस्त्याला टेकतो ती. म्हणून वरचा भाग डावीकडे ढकलण्याऐवजी खालचे टायरच उजवीकडे न्यायचे. तळहातावर काठी उभी तोलताना ती डावीकडे झुकवायची असेल तर आपण हात उजवीकडे सरकवतो, तसंच हे. कीथ कोड या प्रशिक्षकाने एका मोटरसायकलच्या फ्रेमलाच न फिरणारं दुसरं हँडल पक्कं केलं आणि ते धरून चालवायला लावलं. अंग कितीही टाकलं तरी गाडी जराशी एका बाजूला रेंगाळते, हवं तेव्हा हवं तिकडे काही जात नाही.

गाडी झुकली की पुढचं काम ती स्वतः करते. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुबेळक्यासारखा भाग, ज्या आसाभोवती फिरतो तो आस खाली जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायरच्या टेकण्याच्या जागेच्या थोडा पुढे रस्त्याला भेटतो. या अंतराला ट्रेल म्हणतात. बहुतेक मोटरसायकलींत ते १० सेंटिमीटरच्या आसपास असतं. गाडी डावीकडे झुकली की रस्त्याने टायरला खालून दिलेला रेटा या आसाच्या मागे लागतो आणि चाकाला डावीकडे फिरवतो. वळण सुरू झालं की टायरवर आडवं बल येतं, तेही आसाच्या मागेच लागतं, पण ते चाकाला उलट, सरळ करू पाहतं. या दोघांची बरोबरी साधते त्या कोनात चाक स्थिरावतं.

‘फिरत्या चाकांच्या जायरोस्कोपमुळे दुचाकी उभी राहते’ हे वाक्य अनेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. जायरोस्कोप म्हणजे इथे फिरत्या चाकाचा आपला आस सहज कलू न देण्याचा गुण. डेव्हिड जोन्स यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सायकलला उलटं फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम खोडून काढला, तरी ती चालवता येत होती. २०११ मध्ये तर जायरोस्कोपचा परिणाम पुसून टाकलेली आणि ट्रेल उलट दिशेला असलेली सायकलही ढकलून दिल्यावर आपली आपण तोल सांभाळते, हे दाखवलं गेलं. म्हणजे जायरोस्कोप हातभार लावतो, पण सगळं श्रेय त्याचं नव्हे. यावर लिहायला लागलो तर हँडल राहूनच जाईल.

तर हँडल हे मोजून ढकलण्याचं साधन आहे, आणि हातावर दुसरा भार नसेल तरच मोजून ढकलता येतं. समजा तुम्ही बऱ्यापैकी जोरात ब्रेक लावला आणि गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने मंदावली. कमरेवरचं शरीर ४५ किलोचं धरलं तर ते सुमारे २२० न्यूटन बलाने पुढे जाऊ पाहतं. गुडघ्यांनी टाकी आवळलेली नसेल आणि कोपरं ताठ असतील, तर हे सगळं हँडलवर येतं. दोन्ही हातांवर ते अगदी सारखं कधीच नसतं. एकावर १२१ आणि दुसऱ्यावर ९९ न्यूटन आलं, तर फरक २२ न्यूटनचा. मूठ मध्यापासून ३५ सेंटिमीटरवर असेल, तर हँडलला साडेसात न्यूटन-मीटरहून जास्त टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळाला. तो तुम्ही द्यायचा ठरवला नव्हता, आणि दिल्याचं तुम्हाला कळलंही नाही. ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, अशी तक्रार गॅरेजमध्ये नेण्याआधी आपली कोपरं बघावीत.

रुंदीचं गणितही याच सूत्रातलं. २० न्यूटन-मीटर टॉर्क एका हाताने द्यायचा, तर ६४ सेंटिमीटर रुंद हँडलवर ६२ न्यूटन बल लागतं, ८४ सेंटिमीटरवर ४८. म्हणून रुंद हँडलची गाडी चपळ वाटते. पण हात जास्त फाकतात, छातीवर वारा भरपूर बसतो आणि यू-टर्न घेताना बाहेरची मूठ हाताबाहेर जाते.

वाऱ्याचा मुद्दा उंच हँडलवाले विसरतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताठ बसलेल्या माणसाच्या धडावर ताशी ५० किलोमीटरला चार-पाच किलो वजनाइतका रेटा येत असेल, तर १०० ला तो अठरा-वीस किलोंइतका होतो. शहरातल्या वेगात सुखाचं वाटणारं उंच हँडल महामार्गावर तुम्हाला त्याला लोंबकळायला लावतं. पुढे झुकलेल्या बैठकीत उलटं होतं: वेगात वारा छातीला आधार देतो, आणि गर्दीत, वारा नसताना, शरीराचा तो भार मनगटांवर येतो. त्यामुळे सर्वांसाठी आदर्श बैठक सांगणाऱ्यांना आधी एकच विचारावं: कुठल्या वेगाला?

मनगटाचं थोडक्यात. बोटांकडे जाणाऱ्या दोन नसा मनगटाशी अरुंद जागेतून जातात. मनगट सतत मुडपलेलं राहिलं, त्यात इंजिनाची थरथर आली, की अंगठ्याकडच्या तीन बोटांना किंवा करंगळीच्या बाजूला मुंग्या येतात. त्यावर मनगटात घालायची चुंबकाची कडी विकली जातात. रक्तातलं लोह लोखंडाच्या खिळ्यासारखं चुंबकाकडे ओढलं जात नाही, तेव्हा ते पैसे वाचवावेत. मुंग्या गाडीवरून उतरल्यावरही जात नसतील तर डॉक्टर गाठावा.

रायझर विकत घेण्याआधी फुकटची कामं करून पाहावीत. गाडी मेन स्टँडवर घ्या, टाकीला गुडघे लावून नेहमीसारखं बसा, डोळे मिटून हात पुढे न्या. कोपरं थोडी वाकलेली असताना हात जिथे सहज जातात, मुठी त्याच्या जवळ हव्यात. हँडल धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल थोडं पुढे-मागे फिरवता येतं. काही अंशांचाही फरक जाणवतो. मग क्लच आणि ब्रेकचे लिव्हर असे फिरवा, की त्यांवर बोटं ठेवल्यावर हाताचा पुढचा भाग, मनगट आणि बोटं एका रेषेत येतील. बहुतेकांचे लिव्हर फार वर असतात. काही गाड्यांत स्विचच्या डबीला आतून खुंटी असते आणि ती हँडलच्या भोकात बसते, तिथे जबरदस्ती करू नये.

बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळा. त्यानंतर इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. आवाज वाढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. क्लचची केबल, ब्रेकची नळी आणि वायरीही तशाच तपासा, आणि लिव्हर किंवा आपली बोटं टाकीला अडत नाहीत ना तेही. काही ताणलं जात असेल तर हँडल थोडं परत आणा, किंवा लांब केबल टाका. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.