सर्फिंग केंद्राची शाश्वत वास्तुरचना (गोवा)

सर्फिंगचे प्रशिक्षण, बोर्ड ठेवण्याची सोय, आंघोळ, खाणेपिणे आणि विरंगुळा यांसाठीच्या वास्तूची किनाऱ्याला धक्का न लावता केलेली आखणी. गोव्यात पेडणे तालुक्यातील हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या पट्ट्यात सर्फिंग रुजले आहे. नवशिक्यांना झेपणाऱ्या लाटा साधारण ऑक्टोबर ते मे या काळात मिळतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो. म्हणजे केंद्र हंगामी, आणि वास्तूचा किनाऱ्याकडचा भागही हंगामीच हवा.

जागा निवडताना पहिला मान वाळूच्या टेकड्यांचा. मर्यादवेलीने (वाळूवर पसरणाऱ्या वेलीने) धरून ठेवलेली ही वाळू उधाणाचा मारा झेलते आणि मागच्या विहिरींचे गोडे पाणी राखते. समोरचा देखावा मोकळा व्हावा म्हणून टेकडी सपाट केली, तर पुढे कितीही सौरपट्ट्या बसवल्या तरी ते नुकसान भरून येत नाही. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणारी किनारा नियमन क्षेत्राची (सीआरझेड) पहिली अधिसूचना १९९१ मध्ये निघाली. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यातील वाळूच्या टेकड्यांचा आणि मांद्रे, मोरजी, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे.

पक्के बांधकाम टेकडीच्या मागे, जमिनीकडच्या बाजूला करावे. त्यासाठी चिरा (जांभा दगड) उत्तम, मात्र नव्या खाणीतला नव्हे, तर पाडलेल्या जुन्या घरांचा. वर मंगळुरी कौले आणि पावसाची झड भिंतीपर्यंत पोचू न देणारी लांब वळचण. किनाऱ्याकडचा भाग माडाचे खांब, बांबू आणि झापांचा (विणलेल्या माडाच्या झावळ्यांचा). सांधे काथ्याच्या दोरीने बांधले की ते मे अखेरीस सोडवता येतात. खाऱ्या हवेत साध्या लोखंडी खिळ्यांना लवकर गंज चढतो, लाकडावर तांबूस ओघळ उतरतात आणि सांधा ढिला पडतो.

बोर्डांची खोली पत्र्याखाली करणे ही सर्रास दिसणारी चूक. तापलेल्या बंद जागेत बोर्डाचा फोम फुगतो आणि वरचा थर सुटतो. जाळीच्या भिंती, आडव्या मांडण्या आणि वाऱ्याची आरपार वाट एवढी व्यवस्था पुरेशी असते.

सर्वांत अवघड प्रश्न सांडपाण्याचा. वाळूतल्या शोषखड्ड्यातून मैला सहज भूजलात उतरतो. म्हणून शौचालये विहिरींपासून दूर आणि टाक्या पूर्ण बंदिस्त हव्यात. स्वयंपाकघराचे पाणी तेल-चिकट काढून कर्दळीच्या वाफ्यातून गाळावे. बाहेरच्या शॉवरवर साबणाला मनाई केली, तर वाळू बसवण्याच्या छोट्या टाकीतून ते पाणी थेट माडांना देता येते.

ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात. त्यामुळे दिवे बुटके, तांबूस, झाकलेले आणि समुद्राकडे पाठ केलेले असावेत.

वरचा मांडव काढून घेतला तरी काँक्रीटचा पाया वाळूतच ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. असे बांधकाम तात्पुरते मानणे योग्य नाही. परवानगी देतानाच त्याची गणना पक्क्यात व्हायला हवी.