कुनिबेर्तीच्या युद्धनौकेचे शेवटचे तीन नॉट

जुन्या युद्धनौकांच्या चाहत्यांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे. ब्रिटनची १९०६ सालची ‘ड्रेडनॉट’ म्हणजे एका इटालियन इंजिनिअरच्या कल्पनेची हात आखडून केलेली नक्कल, अशी ती समजूत. हा इंजिनिअर म्हणजे वित्तोरिओ कुनिबेर्ती. १९०३ च्या ‘जेन्स फायटिंग शिप्स’ या वार्षिकात त्याने ब्रिटिश आरमारासाठी एक आदर्श युद्धनौका मांडली: वजन १७,००० टन, तोफांच्या आठ फिरत्या बुरुजांत मिळून बारा इंची १२ तोफा, दोन्ही कुशींना १२ इंच जाडीचं चिलखत आणि वेग २४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४४ किलोमीटर. ड्रेडनॉट प्रत्यक्षात झाली सुमारे १८,००० टनांची. तिच्यावर त्याच मापाच्या दहा तोफा, ११ इंचांचं चिलखत आणि वेग २१ नॉट. आकडे शेजारी शेजारी ठेवले तर कुनिबेर्ती प्रत्येक बाबतीत सरस ठरतो, तेही हजार टन कमी वजनात. मग इतकं उत्तम जहाज कुणी बांधलं का नाही?

याचं उत्तर आज घरच्या संगणकावर शोधता येतं. ‘स्प्रिंगशार्प’ नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे. जहाजाची लांबी, रुंदी, डुबाव (पाण्याखालची खोली), तोफा, चिलखताची जाडी, हवा तो वेग आणि बांधणीचं वर्ष त्यात भरायचं. ते इंजिनाची लागणारी शक्ती काढतं, प्रत्येक गोष्टीचं वजन मांडतं आणि शेवटी सांगाड्याच्या मजबुतीचा एक आकडा देतं. हा आकडा १ किंवा त्याहून जास्त आला तर जहाज त्या काळात बांधण्याजोगं. त्याच्या बराच खाली गेला, तर मोठ्या लाटांत ते पिळवटून मोडेल.

या हिशेबाची गोम सांगाड्यातच आहे. तरंगणारं जहाज स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारतं, हे आर्किमिडीजचं तत्त्व आपण शाळेत शिकलो आहोत. एकूण वजन १७,००० टन ठरलं की त्यातून तोफा, चिलखत, इंजिनं, कोळसा, दारूगोळा यांचं वजन वजा करायचं. जे उरेल तेवढ्याच पोलादात सांगाडा बसवायचा.

हाताने करून पाहू. ड्रेडनॉटमध्ये शस्त्रांचं वजन सुमारे ३,१०० टन, चिलखताचं ५,०००, इंजिनं-बॉयलरचं २,०५० आणि सांगाड्याचं ६,१०० टन होतं. दहाऐवजी बारा तोफा केल्या की शस्त्रं ३,७०० टनांवर जातात. पाचाऐवजी आठ बुरूज झाकायचे आणि चिलखतही जाड करायचं, तर ५,५०० टन धरणं म्हणजे हात राखून धरणं झालं. आता उरला वेग, आणि खरी गंमत इथे आहे.

२१ वरून २४ नॉट, म्हणजे वेगात जेमतेम १४ टक्के वाढ. पाण्याच्या घर्षणासाठी लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्या हिशेबाने ड्रेडनॉटच्या २३,००० अश्वशक्तीच्या जागी ३४,००० लागतील. पण जहाजाला फक्त घर्षण अडवत नाही. त्याची बरीच शक्ती लाटा उठवण्यात खर्च होते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचच्या मागे पसरणारी पाचरीच्या आकाराची लाट आठवा. ती उठवायला लागणारी ऊर्जा इंजिनातूनच गेलेली असते.

जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाणी वर ढकलते, तिथे लाटेचा उंचवटा तयार होतो. तिथून मागे कुशीलगत उंचवटे आणि खळगे यांची रांग लागते, आणि ही रांग जहाजाच्याच वेगाने पुढे सरकते. खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या लांबीवर ठरतो, त्यामुळे जहाजाचा वेग कळला की लाटेची लांबी काढता येते: वेगाचा वर्ग गुणिले २π, भागिले गुरुत्व त्वरण. २१ नॉट म्हणजे सेकंदाला १०.८ मीटर, म्हणून लाट ७५ मीटर लांब. २४ नॉटला तीच लाट जवळपास ९८ मीटरची होते.

ड्रेडनॉटची लांबी सुमारे १६० मीटर. २१ नॉटला तिच्या लांबीत दोनहून किंचित जास्त लाटा बसतात. पिछाडीला पाणी पुन्हा जवळ येताना सुरुवातीला एक खळगा पडतो. दोन पूर्ण लाटा बसल्या असतील तर नाळेच्या लाटेचा उंचवटा नेमका या खळग्यावर येतो आणि दोघे एकमेकांना बरेचसे पुसून टाकतात. प्रकाशाच्या व्यतिकरणात जे घडतं तेच इथे पाण्यात घडतं. कुनिबेर्तीच्या नौकेची लांबीही तेवढीच धरली, तर २४ नॉटला तिच्यात सुमारे १.६ लाटा बसतात. दीड लाटेच्या आसपास नाळेचा खळगा पिछाडीच्या खळग्यात मिसळतो, लाट आणखी मोठी होते आणि विरोध एकदम उसळतो. तीन नॉटच्या वाढीत जहाज सोयीच्या जागेवरून थेट वाईट जागेवर जाऊन पडतं!

याला पुरावाही आहे. ब्रिटनची ‘इन्व्हिन्सिबल’ सुमारे १७,२५० टनांची, १७३ मीटर लांब आणि २५ नॉटची होती. तिच्याही लांबीत १.६ लाटा बसत, आणि तिला ४१,००० अश्वशक्तीची इंजिनं द्यावी लागली. एका जहाजावरून दुसऱ्या लहान-मोठ्या जहाजाचा विरोध काढण्याचा ‘तुलनेचा नियम’ इंग्लिश इंजिनिअर विल्यम फ्रूडने १८७० च्या दशकात मांडला. त्या नियमाने इन्व्हिन्सिबलवरून हिशेब केला, तर कुनिबेर्तीच्या नौकेला ३८,००० च्या आसपास अश्वशक्ती लागते. १९०३ मध्ये मोठ्या जहाजांवर टर्बाइन नव्हती, दट्ट्याची वाफइंजिनं होती. म्हणजे इंजिनं-बॉयलरचे ३,२०० टन तरी धरावेच लागतात.

आता बेरीज. शस्त्रं ३,७००, चिलखत ५,५००, इंजिनं ३,२००, कोळसा आणि इतर सामान ड्रेडनॉटइतकं म्हणजे १,५५०. एकूण १३,९५० टन. सांगाड्याला उरले ३,०५० टन, ड्रेडनॉटच्या सांगाड्याच्या निम्मे. स्प्रिंगशार्पचा मजबुतीचा आकडा का कोसळतो ते यावरून लक्षात यावं.

म्हणूनच ‘ब्रिटिशांनी कल्पना चोरली आणि बिघडवली’ या दाव्यात मला तथ्य वाटत नाही. कुनिबेर्तीचा लेख छापील आणि सर्वांसाठी खुला होता. एकाच मापाच्या मोठ्या तोफांचा विचार ब्रिटन, अमेरिका आणि जपानमध्ये त्याच सुमारास चालू होता. ब्रिटिश आरमाराचा प्रमुख ॲडमिरल फिशर याने १९०४ च्या अखेरीस नेमलेल्या आराखडा समितीत विल्यम फ्रूडचा मुलगा रॉबर्ट एडमंड फ्रूड होता, आणि जहाजामागच्या पाचरीसारख्या लाटेचं गणित सोडवणारा लॉर्ड केल्व्हिनही होता. लाटेची किंमत जाणणाऱ्या या माणसांनी इंजिनिअर पार्सन्सची वाफेची टर्बाइन घेतली आणि २१ नॉटवर थांबण्याचं ठरवलं. संगणकी खेळांमध्ये कधीच न बांधलेली जहाजं सगळ्या जाहीर आकड्यांसकट तुफान धावतात, आणि त्यावरून इतिहास ठरवण्याची सवय वाढते आहे. अशा जहाजाचं वजन कुणी मोजलं का, हे आधी विचारायला हवं. स्प्रिंगशार्पलाही हा प्रश्न लागू आहे. ते सरासरी सूत्रांवर चालतं, त्यामुळे एखादं जहाज अशक्य दिसतंय हे ते चांगलं दाखवतं, पण शक्य ठरवलेलं जहाज उत्तमच झालं असतं याची हमी देत नाही.

कुनिबेर्तीला मात्र मी कमी लेखत नाही. त्याच्या विचारांचा वारसा सांगणारी ‘दांते अलिगिएरी’ इटलीने १९०९ मध्ये बांधायला घेतली. बारा इंची १२ तोफा तिच्यावर होत्याच, पण आठऐवजी चारच बुरुजांत, प्रत्येकी तीन. टर्बाइनही होती. चिलखत दहा इंचांवर आणलं, वजन १९,५०० टनांवर नेलं आणि वेग २३ नॉटच्या आसपास ठेवला. ब्रिटिश आरमारात बारा-तेरा इंचांचं चिलखत आणि २४ नॉट हे दोन्ही एकत्र पेलायला पहिल्या महायुद्धातली ‘क्वीन एलिझाबेथ’ यावी लागली. तिचं आराखड्यातलंच वजन २७,५०० टन होतं, आणि तिच्या बॉयलरमध्ये कोळशाऐवजी तेल जळत होतं.