पतंगाची भुकटी आणि आंधळेपणा

‘पतंगाच्या पंखांची भुकटी डोळ्यात गेली की माणूस आंधळा होतो’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तागाच्या शेतात दिसणारा नारिंगी पतंग, पांढऱ्या कड्यांतले काळे ठिपके असलेला, तर हमखास ‘विषारी फुलपाखरू’ ठरतो. (फुलपाखरू नव्हेच तो, मिशांच्या टोकाला गाठ नसते, बघा.)

भुकटी म्हणजे पंखांवरचे सूक्ष्म खवले. बोटाला लागलेली काळ्या कागदावर झटका आणि भिंगातून पाहा, चपटे तुकडे दिसतील. ते कायटिनचे, झुरळाच्या कवचात असतं तेच. डोळ्यात गेले तर धुळीसारखे खुपतील. चोळू नका, पाण्याने धुवा.

‘विषारी’ मात्र अगदीच खोटं नाही. या नारिंगी पतंगाची अळी ताग, खुळखुळ्याच्या शेंगा पोखरून बिया खाते. त्यांतली अल्कलॉइडं (वनस्पतींतली विषारी द्रव्यं) तिच्या अंगात साठतात आणि कोषातून पतंगात उतरतात. त्रास होतो तो त्याला खाणाऱ्या पक्ष्याला, बघणाऱ्याला नाही. भडक रंग ही त्याचीच पाटी.

जपायचंच तर केसाळ अळ्यांपासून जपा. काही जातींचे केस डोळ्यात रुतले तर खरोखर डॉक्टर गाठावा लागतो.